मयताच्या नावचा सातबारा आणि आपण



गळीत हंगाम जवळ आला की गट कार्यालयात एकच विचारणा सुरू होते. तोड कधी, टोळी कधी येणार, पहिला हप्ता किती निघणार? ही विचारणा रास्तच आहे. पण ज्या रानात हा ऊस उभा आहे, त्या रानाचा सातबारा आज कोणाच्या नावे आहे, हे मात्र कोणी विचारत नाही. ज्या दिवशी विचारायची पाळी येते, त्या दिवशी बहुधा उशीर झालेला असतो.

आपल्या बीड जिल्ह्यात गावोगाव दिसणारे चित्र असे. घरचा कर्ता म्हातारा जातो. दहावे-तेरावे होते, पाहुणे परततात. पोरं रान कसू लागतात, ऊस लावतात. पण सातबारा, कारखान्याचा शेअर आणि सोसायटीचे खाते म्हाताऱ्याच्याच नावे राहते. दोन-चार वर्षे कोणाचे काही अडत नाही. मग सोसायटी नव्या कर्जाला सही मागते, भाऊ वेगळे निघतात, नाहीतर रानातून रस्ता वा कालवा जाऊन मोबदल्याची नोटीस येते. त्या दिवशी कळते की, सरकारच्या लेखी या रानाचा मालक अजून मयतच आहे. मग घरातले भांडण कचेरीत जाते आणि उसाचे बिल भावाभावांच्या तक्रार अर्जात अडकून पडते.

हे दुखणे एकट्या बीडचे नाही. बुलढाणा जिल्ह्यात आधी प्रयोग करून शासनाने २०२५ च्या एप्रिलपासून राज्यभर ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीम काढली. मयत खातेदारांची नावे कमी करून वारसांची लावायची, हा तिचा उद्देश. मोहीम चांगलीच होती. पण शासनाला अशी मोहीम काढावी लागते, याचाच अर्थ राज्यभर सातबाऱ्यावर मयतांची गर्दी किती झाली असेल ते पाहा. मोहिमा येतात आणि जातात. आपल्या घरातली नोंद आपणच लावून घेतली पाहिजे.

जुन्या कागदाची किंमत काय असते, हे मराठवाड्याला वेगळे सांगायला नको. आपला मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. दफ्तर उर्दूत, काही मोडीत. सप्टेंबर २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे (निवृत्त) यांची समिती नेमली गेली, आणि वर्षानुवर्षे धूळ खात पडलेले गठ्ठे एकाएकी सोडले गेले. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कोतवाल बुक, शाळेचे प्रवेश रजिस्टर असे सगळे चाळले गेले. उर्दू आणि मोडी वाचणाऱ्या माणसांना एकदम मान आला. आरक्षणाच्या प्रश्नात पडणे हे या पत्रिकेचे काम नाही. सभासदांची मते निरनिराळी आहेत आणि ती असणारच. आम्हाला त्यातून एवढेच घ्यायचे आहे की, पणजोबाच्या नावापुढे कोण्या पटवाऱ्याने वा मास्तराने लिहिलेला एक शब्द सत्तर-ऐंशी वर्षांनी पणतूच्या कामी येऊ शकतो. तसेच न लिहिलेला शब्द पणतूला आडवाही येऊ शकतो. आज आपण जी नोंद लावणार नाही, ती उद्या कोणत्याच गठ्ठ्यात सापडणार नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे वारसाने वा अन्य रीतीने जमिनीत हक्क मिळाला, तर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचे असते. ते तोंडी कळवले तरी चालते आणि लेखी कळवले तरी चालते. तसे कळवल्यावर तलाठ्याने लागलीच लेखी पोच द्यायची, असेही त्याच कलमात आहे. (२०२४ पासून तलाठ्याचे नाव ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाले, गावात अजून तलाठी आप्पाच म्हणतात, म्हणून आम्हीही तेच लिहितो.) पुढे कलम १५० प्रमाणे फेरफार नोंदवहीत नोंद होते, चावडीवर नोटीस लागते, हितसंबंधितांना कळवले जाते आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतात. लिहिण्यात चूक झाली असेल, नाव वा क्षेत्र चुकले असेल, तर कलम १५५ खाली तहसीलदाराकडे दुरुस्ती मागता येते. कलम १५७ तर फार महत्त्वाचे आहे. सातबाऱ्यावरची नोंद खोटी ठरेपर्यंत ती खरीच मानली जाते. म्हणजे चुकीची नोंद गप्प बसून मिटत नाही. ती तशीच राहते आणि खरी धरली जाते.

आपल्या माणसांची एक खोड आहे. आपण अर्ज तोंडी करतो आणि पोच मागत नाही. “आप्पा, नोंद तेवढी लावा की” असे रस्त्यात गाठून म्हणायचे आणि झाले काम म्हणून घरी यायचे. सहा महिन्यांनी विचारले तर “तुम्ही कधी सांगितलं?” असे उत्तर मिळते. मग मध्यस्थ गाठायचा, चिरीमिरी द्यायची. सरकारी काम अन् सहा महिने थांब, ही म्हण आपणच पोसली आहे. तोंडी कळवणे कायद्यात बसते हे खरे, पण पोच नसेल तर ते सिद्ध कशाने करणार? पोच नसलेला अर्ज म्हणजे वजनकाट्याच्या पावतीशिवाय घातलेला ऊस! कारखान्याला ऊस घालून पावती न घेता गाडी परत आणणारा सभासद आम्ही अजून पाहिला नाही. मग तीच दक्षता कचेरीत का नको?

याला दुसरी बाजू आहे, तीही मांडली पाहिजे. एकेका तलाठ्याकडे दोन-तीन गावांचा कारभार असतो. पंचनामे, निवडणुका, अनुदानाच्या याद्या हे सगळे त्याच्याच अंगावर. आपण आज गेलो आणि तो सज्जावर नाही, म्हणजे तो कामचुकारच आहे असे नव्हे. पण म्हणूनच कागदावर तारीख असलेला अर्ज दोघांच्याही सोयीचा. त्याला काम आठवते आणि आपल्याला हक्काने विचारता येते.

विचारायचे मार्गही आता आहेत. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने ठरवून दिलेल्या सेवा मुदतीत द्याव्याच लागतात. कोणती सेवा, किती दिवसांत, किती शुल्कात आणि कोणता अधिकारी देणार, याचा फलक कचेरीत लावावा लागतो. मुदतीत सेवा मिळाली नाही तर दोन अपिले त्याच खात्यात आणि तिसरे आयोगाकडे. दोषी ठरलेल्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. माहिती अधिकार कायदा २००५ पासून आहे. दहा रुपयांचा अर्ज करून आपल्या अर्जाचे काय झाले हे विचारता येते आणि ३० दिवसांत उत्तर मिळायला हवे. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत निघतो, आणि त्यावर तलाठ्याच्या सहीची गरज नाही. मात्र यंत्रातून निघाला म्हणजे तो बिनचूक असे समजू नका. हाती लिहिलेली वही संगणकात उतरवताना नावे आणि क्षेत्र चुकले होते, म्हणून तर २०१७ साली गावोगाव चावडी वाचन घ्यावे लागले.

वारस लावताना आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहितो. बहिणींची नावे गाळून नोंद लावण्याचा मोह पुष्कळांना होतो. लेक सासरी गेली म्हणून तिचा हक्क जात नाही. २००५ च्या दुरुस्तीने तो पक्काच झाला आहे. बहिणीला आपल्या मनाने हक्क सोडायचा असेल तर रीतसर नोंदणी केलेले हक्कसोडपत्र करावे. नाव लपवून लावलेली नोंद पुढे कोर्टात जाते आणि मग रानही जाते, बहीणही जाते. तसेच कारखान्यात भरलेले वारस नेमणुकीचे पत्र हे शेअरपुरते असते. त्याने सातबारा बदलत नाही. दोन्ही कामे वेगवेगळी करावी लागतात.

आपल्या उसाला कोयता लावणाऱ्या भावंडांचाही विचार येथे केला पाहिजे. आपल्यातल्या कित्येक लहान सभासदांच्या घरातूनही कोयता निघतो. दसरा-दिवाळीला टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि पाडव्याच्या सुमारास परततात. २६ जानेवारीची ग्रामसभा त्यांच्यामागे होऊन जाते. घरकुलाची यादी, रेशनकार्डाचे काम, फेरफाराची चावडीवरची नोटीस, सगळे त्यांच्या पाठीमागे. तळावर कोणी दगावले तर मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथेच, २१ दिवसांच्या आत करावी लागते. ती राहिली आणि वर्ष उलटले, तर वरच्या अधिकाऱ्याचा हुकूम आणावा लागतो. मृत्यूचा दाखला नाही तर वारस नोंद नाही, आणि वारस नोंद नाही तर विधवेला रान नाही. मुकादमांनी आणि वाहतूकदार सभासदांनी एवढी नोंद करूनच टोळी हलवावी, अशी आमची विनंती आहे.

आम्ही संचालक मंडळापुढे एक सूचना ठेवतो. हंगाम संपल्यावर उन्हाळ्यात प्रत्येक गट कार्यालयात दोन दिवस नोंद तपासणीचे ठेवावेत. शेतकी खात्याच्या माणसांना गावचे गट नंबर पाठ असतात. सभासद यादी आणि सातबारा समोरासमोर ठेवले तर कोणाच्या घरी काम राहिले आहे ते लागलीच कळेल. अर्ज लिहून द्यायला एक कारकून बसवावा. कारखान्याने नोंद लावून द्यावी असे आमचे म्हणणे नाही. ते काम महसूल खात्याचे. पण बेणे आणि खत पुरवणाऱ्या संस्थेने एक अर्ज लिहून द्यायला काय हरकत आहे?

तोवर प्रत्येक सभासदाने स्वतः एवढे करावे. आपला सातबारा आणि आठ-अ काढून घरात मोठ्याने वाचावा. नाव, क्षेत्र, आणेवारी, इतर हक्कातला फेडलेल्या कर्जाचा बोजा आणि पीक पाहणीत ऊस लागला आहे की नाही, हे बोट ठेवून पाहावे. चूक दिसली तर लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि ती उसाच्या पावत्यांच्याच पिशवीत जपून ठेवावी. पोच नाकारली तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा. तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे दुष्काळी बीडच्या कास्तकाराला आम्ही शिकवावे असे नाही.