परदेशातल्या शाळेचा फॉर्म आणि आपली घरची भाषा

मुळगावातून बाहेरदेशी गेलेल्या आपल्या पोरांचे फोन मला वर्षातून दोनदा हमखास येतात. एकदा केळबाईच्या उत्सवाच्या दिवसांत आणि दुसऱ्यांदा मुलाला शाळेत घालायची वेळ आली की. मी जन्मभर प्राथमिक शाळेत मास्तरकी केली, त्यामुळे दुसऱ्या फोनवरचा प्रश्न आता पाठ झालाय. "सर, फॉर्मात घरची भाषा विचारलीय, काय लिहू?"

माझं उत्तर ठरलेलं आहे आणि ते बऱ्याच जणांना आवडत नाही. मुलाशी घरात ज्या भाषेत बोलता तीच लिहा. इंग्रजी लिहू नका. आणि घरात कोकणी बोलत असाल तर मराठीसुद्धा लिहू नका.

आधी हा प्रश्न आता एवढा का येतो ते सांगतो. पूर्वी आपल्याकडचा माणूस आखातात किंवा बोटीवर एकटा जायचा. बायकामुलं गावात, मुलं इथल्याच शाळेत. २०१२ साली खाणी बंद पडल्या, मग थोड्या सुरू झाल्या, २०१८ च्या मार्चात पुन्हा बंद. ट्रक विकले गेले, मशीनवरची नोकरी गेली. ज्यांचे आजोबा किंवा वडील १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मले त्यांना पोर्तुगालचा पासपोर्ट काढता येतो, तो काढून कित्येक घरं इंग्लंडात स्विंडनला आणि आसपास गेली. आता जातं ते सगळं कुटुंब. म्हणून शाळेचा प्रश्न.

प्रवेशाचं काम तसं अवघड नाही, आपल्याच लोकांनी त्याचा बाऊ केलाय. इंग्लंडात सरकारी शाळेला फी नाही. वर्षाच्या मध्ये पोचलात तरी कौन्सिलकडे किंवा थेट शाळेकडे अर्ज करता येतो. राहत्या पत्त्याचा पुरावा मात्र लागतो, म्हणून भाड्याचा करार नीट करून घ्या. आणखी एक, आपल्या आडनावांचं इंग्रजी स्पेलिंग. गांवकर हे एकच आडनाव बापाच्या पासपोर्टवर एक, मुलाच्या जन्मदाखल्यावर दुसरं, असं मी स्वतः पाहिलंय. ते इथेच, विमानात बसायच्या आधी दुरुस्त करा.

इयत्ता तिथे वयावरून ठरते. १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट या वर्षात जन्मलेली मुलं एका वर्गात. जुलै २०१९ चा मुलगा सप्टेंबर २०२५ ला तिथे 'इयर टू'मध्ये बसला, आपल्याकडे तो नुकता पहिलीच्या उंबरठ्यावर असता. आईबाप घाबरतात, म्हणतात एक वर्ग खाली बसवा. माझं मत, बसवू नका. पोराला बरोबरीची पोरं मिळू देत.

आता भाषेचा रकाना. आमच्या नात्यातल्या एका जोडप्याने तिथे बिनधास्त 'इंग्लिश' लिहिलं. का, तर दुसरी भाषा लिहिली की मुलीला ढ मुलांच्या वर्गात टाकतील. इथे ती इंग्रजी माध्यमाच्या केजीत होती, राइम्स घडाघडा म्हणायची. तिथे गेल्यावर पोर वर्गात तोंडच उघडेना. दोन महिने झाले, तीन झाले. घरी मात्र आजीशी फोनवर कोकणीत पटापट बोलायची. शिक्षिकेच्या कागदावर मुलीची भाषा इंग्रजी, आणि मुलगी इंग्रजीत एक शब्द बोलत नाही. तिने काय समजायचं? वाचादोषाची तपासणी करून घ्या म्हणून पत्र आलं, तेव्हा हिची आई फोनवर रडली.

वास्तविक परक्या भाषेच्या वर्गात पडलेलं मूल काही महिने गप्प राहणं हे अगदी नेहमीचं. ते ऐकत असतं, साठवत असतं. शिक्षकाला घरची भाषा माहीत असली की तो थांबतो, चित्र दाखवतो, हळू बोलतो, एखादा सोबती जोडून देतो. आणि ढ ठरवण्याची भीती म्हणाल तर इंग्लंडच्या २०१४ च्या कायद्यातच लिहिलंय की घरची भाषा वेगळी, केवळ एवढ्यावरून मुलाला शिकण्यात अडचण आहे असं मानायचं नाही. म्हणजे खरं लिहिलं तर कायदा तुमच्या बाजूने. खोटं लिहिलं तर शिक्षक बिचारा अंधारात.

यावर आपल्यातले जुने लोक मला अडवतात. "सर, तुम्ही मराठीवाले, आणि कोकणी लिहा म्हणून सांगता?" होय, सांगतो. १९६७ चा जनमतकौल आणि १९८७ चा राजभाषा कायदा या दोन्ही वेळच्या सभा, मोर्चे आपल्या घराघरांत अजून बोलले जातात. मी माझी बाजू सोडलेली नाही. पण स्विंडनच्या शाळेतल्या त्या बाईंना आपला वाद सोडवायचा नाही. पोर पडलं, रडलं, तर कुठल्या भाषेत आईला हाक मारेल एवढंच त्यांना कळायला हवं. मराठीचं त्यांना वेगळं सांगा, की मूल घरी आरत्या म्हणतं, गोष्टी ऐकतं, देवनागरी अक्षरं ओळखतं. ते सांगायला कोणी बंदी केलेली नाही. आणि मराठी टिकवायची तर ती फॉर्मात टिकत नाही, रोज रात्री मुलाला पुस्तक वाचून दाखवावं लागतं. आमच्या आजोबांच्या पिढीला सरकारी शाळा पोर्तुगीज होती. बोलणं कोकणी, देवळाच्या मंडपात मास्तरांकडे मराठी धुळाक्षरं, आणि सेगुंद ग्रावसाठी पोर्तुगीज. तिन्ही भाषा त्यांच्या तोंडात राहिल्या. डोकं काही फुटलं नाही कुणाचं.

हे सगळं आपण आपल्या नातवंडांसाठी मागतो. मग डिचोलीच्या आपल्या सरकारी मराठी शाळांकडेही जरा बघा. कर्नाटक, ओडिशा, झारखंडहून कामाला आलेल्यांची मुलं आज तिथे आहेत, काही वर्गांत तर त्यांच्यामुळेच पट टिकलाय. शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून थांबवता येत नाही, आणि शाळेत कधीच न गेलेल्या मुलाला वयाप्रमाणे वर्ग द्यावा लागतो. तरीही "दाखला घेऊन या, मग बघू" हे वाक्य त्या आईबापांना ऐकावं लागतं. ऐकवणाऱ्यांपैकी काहींचे भाऊ, भाचे इंग्लंडात आहेत.

जनरल रजिस्टरात मातृभाषेचा रकाना आपल्याकडेही असतो. बाप कर्नाटकातला म्हटलं की न विचारता 'कन्नड' लिहून मोकळे. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत एक सहा वर्षांची मुलगी आठवडाभर वर्गात नुसती रडत होती. कन्नड येणाऱ्या एका बाईंना बोलावलं, त्यांनी गोडीगुलाबीने विचारलं, पोरीला काही कळेना. शेवटी चौथीतला एक मुलगा पुढे आला, तिच्या जवळ बसून दोन शब्द बोलला, आणि आम्हाला म्हणाला, "सर, हिचा कान दुखता." घरी ती लमाणी बोलत होती. मुख्याध्यापिकेने तिच्या वडिलांना बोलावलं, अर्ज घेतला आणि रजिस्टरातली नोंद बदलायचे कागद त्याच दिवशी वर पाठवले.