नऊ वर्षे आत, आरोपनिश्चिती नंतर

मालेगावात 29 सप्टेंबर 2008 रोजी झालेल्या स्फोटात सहा जणांचा बळी गेला. त्या खटल्यात तत्कालीन लेफ्टनंट कर्नल प्रसाद पुरोहित यांना अटक झाली नोव्हेंबर 2008 मध्ये, जामीन मिळाला ऑगस्ट 2017 मध्ये आणि आरोपनिश्चिती झाली 30 ऑक्टोबर 2018 रोजी. पावणेनऊ वर्षे तुरुंगात काढून माणूस बाहेर आला आणि त्यानंतर वर्षभराने न्यायालयाने त्याला विचारले, आरोप मान्य आहेत का? 31 जुलै 2025 रोजी सातही आरोपी निर्दोष सुटले. त्याच मालेगावातल्या 8 सप्टेंबर 2006 च्या स्फोटांनंतर नऊ मुस्लिमांना मोक्का हा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा लावण्यात आला. त्यांतले सात जण पाच वर्षांनी जामिनावर बाहेर आले. एप्रिल 2016 मध्ये विशेष न्यायालयाने दोषमुक्ती दिली, तेव्हा नवांपैकी एक जण हयात नव्हता. एका खटल्यासाठी हळहळणारे दुसऱ्याच्या वेळी गप्प असतात, हे आपल्या सार्वजनिक जीवनाचे दुखणे. मृतांच्या नातेवाइकांच्या पदरात तर दोन्हीकडे न्याय पडला नाही.

खटल्याआधीची कोठडी मुळातच घटनाबाह्य आहे, असे आम्ही म्हणणार नाही. पळून जाणारा, साक्षीदारांना धमकावणारा आरोपी मोकळा सोडा, असे घटना सांगत नाही. पण घटनाकारांना धोका ठाऊक होता. कलम 21 मध्ये संरक्षण तोकडे पडले, याची भरपाई म्हणून डॉ. आंबेडकरांनी सप्टेंबर 1949 मध्ये आजच्या कलम 22 ची तरतूद मांडली : अटकेचे कारण सांगा, वकील घेऊ द्या, 24 तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करा. पुढे 1979 मध्ये बिहारच्या तुरुंगांतील कच्च्या कैद्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जलद खटला हा कलम 21 चाच भाग ठरवला. मग मोक्का आणि यूएपीए या बेकायदा कृत्यविरोधी कायद्याने जामिनाची वाट इतकी अरुंद केली की, आरोप नुसता सकृतदर्शनी खरा वाटला तरी माणूस वर्षानुवर्षे आत. खटला लांबला तर यूएपीएतही घटनात्मक न्यायालये जामीन देऊ शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या नजीब निकालाने सांगितले. पण त्यासाठी उच्च न्यायालयापर्यंत जाण्याची ऐपत लागते.

ज्याला ती नाही, त्याचे काय? पेठ-सुरगाण्याचा मजूर चोरीच्या गुन्ह्यात नाशिकरोड कारागृहात जातो. जामीन मंजूर होतो. पण जामीनदार आणायचा तर त्याच्या नावावर सातबारा हवा किंवा तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला. गावात बहुतेकांची शेती वनपट्ट्याची. मंजूर झालेला जामीन कागदावर राहतो. तारखेला पोलीस पथक नसले की आरोपीला न्यायालयात आणलेच जात नाही, रोजनाम्यात ‘आरोपी हजर नाही’ अशी नोंद होते आणि पुढची तारीख पडते. नाशिकच्या 2027 च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या बंदोबस्तात हे किती वेळा घडेल, याचा विचार जिल्हा प्रशासनाने आतापासूनच केलेला बरा. देशातल्या कैद्यांपैकी 75 टक्क्यांहून अधिक कच्चे कैदी होते, असे 2022 ची सरकारी आकडेवारीच सांगते.

कायद्यात सोय नाही, असेही नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 नुसार, पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की कारागृह अधीक्षकांनी स्वतःहून न्यायालयाकडे त्याच्या जामिनासाठी अर्ज करायचा आहे. मात्र फाशी-जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळले आहेत आणि एकाहून अधिक गुन्हे प्रलंबित असलेल्यालाही हे दार बंद. म्हणजे सर्वाधिक काळ आत राहणाऱ्यांनाच ही सोय नाही. गरीब कैद्यांच्या जामिनासाठी आर्थिक मदत देणारी केंद्राची योजना 2023 पासून आहे. ती कोठडीतल्या माणसापर्यंत पोहोचवणे विधी सेवा प्राधिकरणाचे काम आहे.

अटकेनंतर ठरावीक मुदतीत आरोपनिश्चिती झाली नाही तर जामीन हा हक्क ठरावा, मग कायदा मोक्का असो वा यूएपीए. आणि आत काढलेल्या वर्षांची भरपाई सरकारने द्यावी. विधी आयोगाने चुकीच्या खटल्यांच्या भरपाईसाठी कायदा करण्याची शिफारस 277 व्या अहवालात 2018 मध्येच केली. तो कायदा अजून झालेला नाही.