एकच पाकीट, शंभर घरं

दोस्तांनो, हा अंक तुमच्या हातात कसा आला, ठाऊक आहे? छापखान्यातून तुमच्या नावाची वेगळी गाडी काही सुटत नाही. एकच गठ्ठा एस.टी.त चढतो, तालुक्याला सुटतो, मग थोडे अंक या गावाला, थोडे त्या गावाला. जिथे एकही वाचक नाही, तिकडे गठ्ठा वळतच नाही. (असं गाव नसावं, ही आपली इच्छा!)

इंटरनेटवर मात्र बहुतेकदा उलटा कारभार. शंभर जण फोनवर एकच सामना पाहत असले, तर शंभर वेगवेगळ्या प्रती निघतात. तुमच्या इमारतीत एकाच कंपनीची तार असेल आणि दहा जण तो सामना पाहत असतील, तर तेच चित्र त्याच तारेतून दहादा येतं! दहा गाड्या, प्रत्येकीत एकेक अंक.

यावरची युक्ती जुनीच आहे. स्टीव्ह डीअरिंग अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकत होते. त्यांना एकच निरोप संगणकांच्या एका गटाला द्यायचा होता. सगळे एकाच तारेवर असले तर सोपं. पण मध्ये राउटर आला की पंचाईत. राउटर म्हणजे पाकिटाला पुढची वाट दाखवणारा चौकातला हवालदार. डीअरिंग म्हणाले, पत्ता एका संगणकाचा नकोच, मंडळाचा ठेवू! १९८९ साली त्याचे नियम ठरले. २२४ ते २३९ या आकड्यांनी सुरू होणारे २६ कोटींहून जास्त पत्ते मंडळांसाठी राखून ठेवले.

गंमत अशी, की या पत्त्यावर कुणीच राहत नाही. ज्याला हवं तो संगणक जवळच्या राउटरला सांगतो, 'मला या मंडळात घ्या.' पाठवणारा एकच पाकीट सोडतो आणि जिथे फाटा फुटतो तिथेच राउटर त्याची दुसरी प्रत काढतो. गठ्ठासुद्धा नाही, बघा! अधूनमधून राउटर विचारतो, 'अजून हवंय का कुणाला?' कुणीच 'ओ' दिली नाही, की ती फांदी छाटली.

पण जाळ्यात वाटा गोल फिरून पुन्हा तिथेच येतात. मग प्रतींच्या प्रती निघून सगळं तुंबेल की! इथे कामी आला १९७८ सालचा एक नियम. तो मांडला रॉबर्ट मेटकाफ आणि आपल्या पवईच्या आय.आय.टी.त शिकलेले योगेन दलाल यांनी. पाकीट आलं की राउटरनं स्वतःला विचारायचं, 'पाठवणाऱ्याकडे जायचं झालं, तर मी याच तारेनं गेलो असतो का?' हो, तर पुढे पाठव. नाही, तर टाकून दे. एवढंच! मला तर हा नियम सगळ्यात जास्त आवडतो.

मार्च १९९२ मध्ये अमेरिकेतल्या सॅन दिएगो इथे भरलेल्या सभेचा आवाज असाच तीन खंडांतल्या वीस ठिकाणी ऐकला गेला.

मग आज सामना असा का येत नाही? कारण वाटेतल्या प्रत्येक राउटरला प्रत्येक मंडळ लक्षात ठेवावं लागतं, आणि ते राउटर निरनिराळ्या कंपन्यांचे. दुसऱ्याच्या मंडळासाठी ही हमाली कोण करणार? शिवाय मूळ नियमांत मंडळाच्या पत्त्यावर कुणीही काहीही पाठवू शकत होतं. त्यापेक्षा गावोगावी साठ्याचे संगणक ठेवून तिथून प्रती वाटणं कंपन्यांना सोपं वाटलं. जिथे सगळं जाळं एकाच कंपनीचं असतं, तिथे टी.व्ही.च्या वाहिन्या मात्र डीअरिंगच्या पद्धतीनं येतात.

आणि हो, फोन घरातला प्रिंटर आपोआप शोधतो ना? तेव्हा तो बऱ्याचदा २२४.०.०.२५१ या पत्त्यावर हाक मारतो, 'प्रिंटर कोण आहे रे इथे?' त्या मंडळात बसलेला प्रिंटर म्हणतो, 'मी!'