नकार पचवण्याची तालीम

चेन्नईहून बंगळूरच्या रस्त्याला लागले की वाटेत श्रीपेरुंबुदूर येते. तेथील नोकियाचा कारखाना २००६ मध्ये सुरू झाला. करविषयक वादामुळे तो मायक्रोसॉफ्टबरोबरच्या व्यवहारातून बाहेर राहिला आणि १ नोव्हेंबर २०१४ रोजी तेथील उत्पादन थांबले. त्याआधीच हजारोंनी स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. त्यांत विशीतले तरुण-तरुणी पुष्कळ होते. विशीत निवृत्ती, आणि तीही म्हणे स्वेच्छेने!

अशा वेळी वाद होतो तो भरपाईच्या रकमेचा, आणि तो व्हायलाच हवा. पण काम गेलेल्या माणसाच्या मनाला सावरण्याचेही एक शास्त्र आहे व ते प्रयोगांनी पारखलेले आहे, हे आपल्याकडे फारसे कोणी ध्यानात घेत नाही.

मिशिगन विद्यापीठातील कॅप्लन, विनोकुर, प्राइस आदींनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहा. बेकारांचे यादृच्छिक पद्धतीने दोन गट केले. एका गटाला नोकरी शोधण्याची माहितीपुस्तिका दिली. दुसऱ्याला छोट्या समूहांत काही अर्धदिवसीय सत्रे दिली. त्यांत आपली कौशल्ये ओळखणे आणि मुलाखतीची रंगीत तालीम होती. शिवाय नकार येणारच असे धरून, तो आल्यावर दुसऱ्या दिवशी नेमके काय करायचे हे आधीच ठरवून ठेवायचे होते. देवीची लस टोचावी तसा हा निराशेचा सौम्य डोस. दुसऱ्या गटातील लोकांना तुलनेने चांगली कामे मिळाली. अडीच वर्षांनंतरही त्यांची मिळकत अधिक होती. पुढील प्रयोगांत नैराश्याचा धोका असलेल्यांना सर्वाधिक लाभ झालेला दिसला.

दोन संशोधनपदांमधले माझे रिकामे महिने मला येथे आठवतात. माहितीची वाण नव्हती. पण लागोपाठच्या नकारांनंतर मी पंधरा दिवस ईमेल उघडलेच नव्हते, आणि त्या पंधरवड्यात एका अर्जाची मुदत टळून गेली. पुस्तिका माझ्यापाशीही होतीच की!

तरीही एक प्रश्न उरतो, आणि ऊर्जेच्या अक्षय्यतेवर पोसलेल्या मनाला तो टाळता येत नाही. नोकऱ्या तेवढ्याच असतील तर एकाला मिळालेली जागा दुसऱ्याची गेलेली नव्हे काय? क्रेपों, द्युफ्लो व सहकाऱ्यांनी फ्रान्समधील २३५ स्थानिक रोजगार क्षेत्रांत हे तपासले. शिकलेल्या बेकार तरुणांना समुपदेशन व शोधसाहाय्य देताना प्रत्येक क्षेत्रात किती टक्के तरुणांना ते मिळावे हेही यादृच्छिकपणे ठरवले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष अप्रिय होता: लाभ अल्पकाळ टिकला आणि तोही अंशतः मदत न मिळालेल्यांच्या पदरचा होता. रोजगार मंद असलेल्या भागांत हे अधिक जाणवले.

म्हणून 'मनोबल वाढवा, नोकरी मिळेल' असे सांगत फिरणाऱ्यांशी माझे जमत नाही. त्यात बेकारीचे खापर बेकारावरच फुटते. परंतु नोकरीच्या संख्येत भर पडत नाही म्हणून ही सत्रे निरुपयोगी ठरवणेही मला पटत नाही. नैराश्य टळणे हा स्वतंत्र लाभ आहे. कारखाना बंद होतानाच्या करारात भरपाईच्या कलमाशेजारी अशा सत्रांचे कलम असावे, ती तमिळमध्ये व्हावीत आणि कंत्राटी कामगारांनाही मिळावीत. परिणाम मोजताना मात्र सत्रांबाहेर राहिलेल्यांचीही गणती करावी. २०२२ मध्ये मरैमलै नगरच्या फोर्ड कारखान्यातील वाहननिर्मिती थांबली तेव्हा अशी मोजणी सहज हाती घेता आली असती.