विनंतीचा भूतकाळ

घरून काम करण्याची परवानगी मागणारे पत्र वरिष्ठांना इंग्रजीत कसे लिहावे, हा प्रश्न साहित्याच्या वर्गात सहसा कोणी काढत नाही. तो ‘स्पोकन इंग्लिश’च्या शिकवण्यांकडे सोपवून आपण मोकळे होतो. आम्हांस मात्र तो मुळात व्याकरणाचा, आणि म्हणून आपलाच प्रश्न वाटतो.

मराठी माध्यमातून आलेली एखादी कर्मचारी मनात वाक्य जुळवते: ‘मला आठवड्यातून दोन दिवस घरून काम करू द्यावे.’ मराठीत हे पुरेसे नम्र आहे. ‘द्यावे’ या विध्यर्थाने आज्ञेची धार जाते. पण शाळेत या ‘-आवे’ला ‘शुड’ असा प्रतिशब्द आपणच शिकवलेला असतो. त्यामुळे कागदावर उतरते ते ‘यू शुड अलाऊ मी’. विनंतीचा उपदेश होतो. साहेब दुखावतात, का, ते तिला कळत नाही. पुढच्या खेपेस ती धास्तावून ‘रिस्पेक्टेड सर’, ‘हंबली’, ‘काइंडली’ यांची रास रचते आणि शेवटी ‘डू द नीडफुल’ लिहून मोकळी होते. हे शेवटचे पद एके काळी इंग्रजांच्याच कचेऱ्यांत रुळलेले होते. विलायतेत आता ते जुनाट ठरले आहे, आणि ‘काइंडली’ तर तिथे कित्येकदा दटावणीसारखे ऐकू येते.

वास्तविक तिला हवी असलेली युक्ती तिच्या मातृभाषेतच आहे. शेजारी दारात येऊन म्हणतात, ‘जरा काम होते.’ काम आत्ता आहे, तरी ‘होते’! ‘सर, थोडे बोलायचे होते’ हेही त्यातलेच. भूतकाळामुळे मागणी एक पाऊल मागे सरते आणि ऐकणाऱ्याला नकाराची वाट मोकळी राहते. ‘आय वॉज वंडरिंग इफ आय कुड’ ही इंग्रजी रचना नेमके हेच करते. हे साम्य वर्गात दाखवून द्यायला पाच मिनिटे पुरतात.

नम्रतेची जागा ठरली की बाकी पत्र रोखठोक असावे. पेशवेकालीन पत्रांत ‘कृतानेक साष्टांग नमस्कार, विज्ञापना’ असे म्हटले की लेखक थेट मजकुरावर येई. इथेही कोणते वार, कोणते काम, किती वाजेपर्यंत फोनवर सापडू, एवढे सांगितले की झाले. कारणाला एक ओळ पुरे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा घरून काम करण्याचे फर्मान कार्यालयांनीच काढले. त्या वेळी कोणी कोणाचे कारण विचारले नव्हते. आज तीच गोष्ट मागताना एखादीने सासूबाईंच्या शस्त्रक्रियेचे कागद जोडावेत आणि घरातली अडचण साहेबांपुढे उलगडून ठेवावी, हे आम्हांस अनाठायी वाटते. ‘घरी वृद्धांची देखभाल आहे, मंगळवार व गुरुवार घरून काम करता येईल का, हे विचारायचे होते,’ इतके पुरते. इंग्रजीत नेताना त्यातला ‘होते’ तेवढा सांडू नये.