सहेरीला अख्खं घर उठतं, अभ्यासाला?

२०१६ साली पहिला रोजा ७ जूनला झाला आणि पाठोपाठ बारावीचे वर्ग भरू लागले. पहिल्या तासाला समोर काही रोजेदार मुले-मुली बसली होती. पहाटे साडेचारच्या आत सहेरी उरकून भिगवण, वालचंदनगर, इंदापूरकडून एसटीने बारामतीला आलेली. आता संध्याकाळी सव्वासातच्या सुमारास इफ्तार होईपर्यंत पाण्याचा थेंबही नाही.

मी सहज विचारले, "महिनाभर इतक्या पहाटे उठता, मग एरवी अभ्यासाला उठणं का जमत नाही?" एक मुलगी चटकन म्हणाली, "सर, सहेरीला अख्खं घर उठतं. अभ्यासाला मी एकटीच."

तिचे उत्तर डोक्यातून जात नाही. बारावी लागली की आपण मुलांना जिद्दीचे डोस पाजतो. पण रोजा तरी नुसत्या जिद्दीवर कुठे टिकतो? अम्मी चूल पेटवते, मशिदीतून वेळ सांगितली जाते, शेजारची खाला दार वाजवते. वेळ ठरलेली असते आणि सोबत असते. म्हणून तर दहा वर्षांचे पोरही हट्टाने रोजा धरते.

दरवर्षी तुकोबांची पालखी आपल्याकडे येते. वारकरीही पंढरपूर एका दमात गाठत नाही. आज बारामती, उद्या सणसर, मग निमगाव केतकी, इंदापूर, सराटी असे ठरलेले मुक्काम असतात. पाय दुखले तरी दिंडी त्याला पुढे नेते. सवय लागते ती अशी.

बारावीच्या मुलांना मात्र आपण दिंडीशिवाय वारीला धाडतो. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे हातात जेमतेम आठ महिने. त्यात २०१६ साली दुष्काळ होता. उजनीतले पाणी मृतसाठ्याच्याही खाली गेले होते. टँकर आला की हंडे घेऊन धावते कोण? बहुतेक घरांत मुलगीच. 'अभ्यास कर' असे सांगणारे घरच तिच्या हातात हंडा देते. पुढे मुलगा नापास झाला तर पुन्हा परीक्षेला बसतो. मुलगी नापास झाली की स्थळे पाहायला सुरुवात होते. हे आमच्या मोहल्ल्यातही घडते आणि तुमच्या आळीतही.

म्हणून रमजानच्या महिन्यासाठी पालकांकडे एक मागणे आहे. सहेरीनंतर, फजरची नमाज झाली की एक तास बारावीच्या मुलाला किंवा मुलीला द्या. ज्यांच्या घरी रोजे नसतात, त्यांनी आपल्या सोयीचा तास ठरवावा. त्या तासात टीव्ही बंद, घरातल्या सगळ्यांचे मोबाइल कपाटात, आणि पाणी भरायला बाप नाहीतर भाऊ. कुणीतरी जवळ बसावे. अभ्यास समजलाच पाहिजे असे नाही. पालक निवडत बसले तरी चालेल. रात्री तरावीहमुळे झोपायला उशीर होतो, तेव्हा दुपारी कॉलेजहून आल्यावर थोडी झोपही घेऊ द्या.

मुलांनो, तुम्हीही पहिल्याच दिवशी दहा तासांचे वेळापत्रक भिंतीवर चिकटवू नका. जूनमधली अशी वेळापत्रके गणपतीपर्यंत टिकलेली मी फारशी पाहिलेली नाहीत. थोडेच करा, पण नेमाने करा. अल्लाहला थोडे पण सातत्याने केलेले काम अधिक प्रिय असते, अशीच पैगंबरसाहेबांची शिकवण आहे. शिवाय रोजात कुणी पाहत नसतानाही तुम्ही घोटभर पाणी पीत नाही. तोच प्रामाणिकपणा पुस्तकासमोर ठेवा. पुस्तक उघडे आणि मांडीवर मोबाइल, हा अभ्यास नव्हे.

खरी कसोटी ईदनंतर आहे. रमजानभर भरलेल्या मशिदी ईद झाली की ओस पडतात, हे आमचेही दुखणे आहे. एखादा दिवस चुकेलच. उर्दूत सवयीला 'आदत' म्हणतात. अरबी कोशकार 'आदत' आणि 'ईद' हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून आल्याचे सांगतात. त्या धातूचा अर्थ आहे परत येणे. ईद दरवर्षी परत येते. चुकलेल्या तासाकडे तुम्ही दुसऱ्या दिवशी परत या.

ईदच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मशिदीतून सहेरीची हाक येणार नाही. त्या दिवशी एका तरी खोलीत दिवा लागलेला असू द्या, आणि त्या दिव्याजवळ घरातले आणखी कुणीतरी जागे असू द्या.