दहा बोटांचा हिशेब

करवत या वस्तूशी माझा आजवर आलेला संबंध केवळ शब्दांपुरता होता. एक आजोबांचे करवतकाठी धोतर आणि दुसरी ती काशीकरवत. वर्गात या दोन्ही शब्दांची फोड मी वीस वर्षे मोठ्या तन्मयतेने करीत आलो आहे. पण प्रत्यक्ष करवत हातात घेण्याचा प्रसंग आला की माझी तन्मयता आटते. भिंतीत खिळा ठोकायचा असला तरी आमच्या घरात मला पाणी आणायला पाठवतात.

अशा घराण्यात आमच्या चिरंजीवांनी गेल्या श्रावणात जाहीर केले, "बाबा, मला टेबल सॉ घ्यायचा आहे."

मुलगा बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. दर रविवारी अभ्यासाला म्हणून मित्राकडे जातो, अशी आमची समजूत. तो जात होता आमच्या जुन्या मिस्त्रींकडे, रंधा मारायला! आमच्या लग्नातले कपाट ज्यांनी केले तेच हे मिस्त्री. दोन वर्षे शिकवण्या करून साठवलेले पैसे त्याने टेबलावर ठेवले. त्यामुळे "पैसे कुठून आणणार?" हा बापाचा हुकमी एक्काही हातातून गेला.

सौ. म्हणाली, "अहो, त्याला सांगा, देवाने दहा बोटे दिली आहेत, तेवढी राहू देत." एवढे बोलून ती आत गेली. दोन दिवस आमटीत मीठ कमी पडत होते, यावरून प्रकरणाचे गांभीर्य माझ्या ध्यानात आले.

शेवटी मी मिस्त्रींनाच बोलावले. मनात हेतू असा की, 'हे पोरासोरांचे काम नव्हे' असे त्यांनीच सांगावे आणि वाईटपणा परस्पर टळावा. मिस्त्री आले, चहा घेतला आणि म्हणाले, "सर, घ्यायची की नाही ते तुम्ही ठरवा. कुठली घ्यायची ते मी सांगतो."

वाचकहो, हे यंत्र मूळचे अगदी साधे. सपाट टेबल, त्याच्या फटीतून वर डोकावणारी दातेरी चकती आणि खाली तिला फिरवणारी मोटर. हातकरवतीत लाकूड स्थिर असते आणि करवत चालते. इथे करवत जागेवर फिरते आणि लाकूड पुढे सरकवायचे. गोल करवतीचे इंग्लंडमधले पेटंट १७७७ सालचे आहे, म्हणजे आपल्याकडे पेशवाई चालू होती तेव्हाचे. पुढे १९०६ साली बर्लिनच्या विल्हेल्म आल्टेनडॉर्फ नावाच्या सुताराने टेबलाचा एक भागच सरकता केला. फर्निचरच्या कारखान्यांतून प्लायवूडचे आठ बाय चारचे तक्ते ज्यावर कापतात ती यंत्रे याच वंशातली.

मिस्त्रींनी पाटावर खडूने जाती मांडल्या. पहिली बाकावर ठेवायची. उचलून नेता येते, मोटर चकतीलाच जोडलेली, टेबल लहान आणि आवाज मात्र कानठळ्या बसवणारा. दुसरी कंत्राटदारांची. पायांवर उभी, मोटर मागे लोंबती आणि पट्ट्याने चकती फिरवणारी. आवाज कमी, पण जागा अधिक. तिसरी पेटीबंद, म्हणजे कॅबिनेट सॉ. बीडाचे टेबल, पोटात तीन ते पाच अश्वशक्तीची मोटर आणि वजन दोनशे किलोंच्या घरात. एकदा ठेवली की घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखी, तिला हलवायचे नसते, आपण तिच्याभोवतीने जायचे. दुसरी आणि तिसरी यांच्या मधली एक संकरित जातही निघाली आहे. आणि शेवटची ती सरकत्या टेबलाची.

"यातली सगळ्यांत चांगली कुठली?" मी विचारले. हा प्रश्न विद्यार्थी मला पुस्तकांबद्दल विचारतात तेव्हा मी चिडतो. मिस्त्री चिडले नाहीत. म्हणाले, "तुमची जागा दाखवा."

आमचे बैठे घर. मागे पत्र्याची शेड, पूर्वी तिथे बंब आणि सरपण असायचे. लांबी बारा फूट. मिस्त्रींनी टेप लावला आणि हिशेब मांडला. आठ फुटांची फळी उभी चिरायची तर चकतीच्या अलीकडे आठ फूट हवेत आणि पलीकडेही आठ, शिवाय माणूस उभा राहायला जागा. म्हणजे बारा फुटांच्या शेडमध्ये पेटीबंद यंत्र ठेवले तर फळी निम्मी चिरल्यावर भिंतीची परवानगी मागावी लागणार! पण बाकावरची हलकी करवत दारासमोर सरकवली, तर चिरलेली फळी दारातून थेट तुळशीच्या अंगणात जाते. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे मी जन्मभर ऐकत आलो. टेप घेऊन ते कसे पाहायचे हे त्या दिवशी कळले.

दुसरा हिशेब विजेचा. तीन अश्वशक्ती म्हणजे सव्वादोन हजार वॉटच्या आसपास आणि सुरू होताना मोटर त्याहून बरीच अधिक वीज ओढते. घरातल्या साध्या प्लगचे ते काम नव्हे. कारखान्यातली मोठी यंत्रे तर थ्री फेजवर चालतात. मधेच आमच्या न्यू जर्सीच्या साडूंनी फोनवर स्वतःची जुनी कंत्राटी करवत फुकट देऊ केली. मी हरखलो. मिस्त्री म्हणाले, "सर, तिकडची वीज एकशेवीस व्होल्टची. ट्रान्सफॉर्मर लावला तरी तिकडची साठ सायकलची मोटर इथे पन्नासवर मंद चालणार. वर जहाजाचे भाडे." फुकटचे किती महाग पडते ते ऐकून मी साडूंचे आभार मानले.

तिसरा हिशेब कामाचा. दहा इंची चकती तीन इंचांहून थोडे जाड लाकूड कापते. पाट, चौरंग, पुस्तकांची मांडणी, एवढ्याला ती पुष्कळ झाली. प्लायवूडचे मोठे तक्ते दुकानातच मापाने कापून आणावेत. चकतीचेही दोन स्वभाव. रेषांच्या दिशेने चिरायला चोवीस मोठे दात, कारण भुस्सा बाहेर पडायला दातांमध्ये पोकळी लागते. आडवे कापायला आणि प्लायवूडला साठ ते ऐंशी बारीक दात, म्हणजे कडा फाटत नाहीत. एकच ठेवायची तर चाळीस दातांची. आणि चकतीशेजारची कुंपणपट्टी, जिला टेकवून लाकूड सरकवतात, ती चकतीला तंतोतंत समांतर राहते की नाही ते दुकानातच मापून पाहायचे. मोटर दमदार आणि पट्टी डळमळीत, असे यंत्र घेऊ नये.

एवढे झाल्यावर सौ. बाहेर आली. ती दाराआडून सगळे ऐकत होती. तिने सरळ विचारले, "मिस्त्री, तुमचे बोट कसे गेले?"

मिस्त्रींच्या डाव्या हाताच्या तर्जनीची दोन पेरे नाहीत. वीस वर्षे आम्ही ते पाहत होतो आणि एकदाही विचारले नव्हते. मिस्त्रींनी हात टेबलावर ठेवला.

"वहिनी, प्लायवूडच्या टेबलाखाली कटर उलटा बसवून घरीच केलेली करवत होती. वर झाकण नाही, मागे पाते नाही. एक अरुंद पट्टी चिरत होतो. दिवाळीआधीची घाई. लाकडात ताण असतो, चिरता चिरता फट मागे मिटली आणि तिने चकतीला धरले. मागचे दात वर येणारे असतात. त्यांनी लाकूड उचलून माझ्याकडे फेकले. लाकूड गेले आणि जोर लावलेला हात पुढे गेला. झाले."

मग त्यांनी समजावले. चकतीच्या लगेच मागे एक पोलादी पाते असते, चकतीबरोबर वर खाली होणारे. ते फट मिटू देत नाही. ते नसेल ती करवत फुकट मिळाली तरी घेऊ नये. वर झाकण हवे. अरुंद पट्टी हाताने नव्हे, ढकलकाठीने सरकवायची. चकती लाकडाच्या जेमतेम वर ठेवायची, तिच्या सरळ रेषेत उभे राहायचे नाही, हातमोजे आणि लोंबत्या बाह्या वर्ज्य, डोळ्यांवर चष्मा. बंद करायचे बटण मोठे, गुडघ्यानेही दाबता येईल असे.

चिरंजीवांनी तेवढ्यात आपले वाचन पुढे केले. अमेरिकेत स्टीव्ह गॅस या पदार्थविज्ञान शिकलेल्या वकिलाने १९९९ साली एक युक्ती काढली. चकतीत विजेचा सूक्ष्म संकेत खेळवायचा. बोट लागताच संकेत बदलतो, अॅल्युमिनियमचा ठोकळा दातांत घुसतो आणि एका सेकंदाच्या दोनशेव्या भागात चकती थांबते. २००४ साली अशी यंत्रे बाजारात आली. प्रात्यक्षिकात बोटाऐवजी सॉसेज लावतात. त्याला ओरखडा तेवढा पडतो. चकती आणि ठोकळा मात्र दोन्ही बदलावे लागतात.

"मग तीच घ्या!" सौ. म्हणाली. पण किंमत ऐकून मुलगाच गप्प झाला. मिस्त्री म्हणाले, "परवडली तर अवश्य घ्यावी. नाही परवडली तर मी सांगितले ते सगळे पाळावे. आणि वहिनी, यंत्र कुठलेही असो, घाईत असताना ते सुरू करू नये. माझे बोट करवतीने नेले नाही, घाईने नेले."

सौ. थोडा वेळ त्या हाताकडे पाहत राहिली. मग मुलाला म्हणाली, "पहिले सहा महिने मिस्त्री असतील तेव्हाच सुरू करायची." म्हणजे परवानगी मिळाली! मी आपला 'आधी पदवी पूर्ण कर' एवढे म्हणून बापाची जागा राखली.

बाकावरची करवत आली. मागचे पाते, झाकण, ढकलकाठी सगळे तपासून. तिने केलेली पहिली वस्तू म्हणजे सागवानी पाट. यंदा नरकचतुर्दशीला मी त्याच्यावर बसून अभ्यंगस्नान करणार आहे. पाट किंचित डुगडुगतो. मिस्त्री म्हणतात, अंगणच वाकडे आहे.

मुलगा मात्र दर रविवारी शेडमधून आला की काही न बोलता आईपुढे दोन्ही हात पसरतो. ती मोजते आणि मगच पान वाढते.